चोवीस मशीन, एक पेनड्राइव्ह: डिफॉल्टमध्ये काय ठेवायचं, काय नाही?

टेबलपंखा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी लांज्याच्या पुढे एका ज्युनियर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. लॅबमध्ये चोवीस मशीन. सगळी दुसऱ्या पिढीची आय-थ्री, चार जीबी रॅम, आणि एका माजी विद्यार्थ्याच्या कृपेने गेल्या वर्षी बसलेल्या १२० जीबीच्या एसएसडी. इंटरनेट आहे, म्हणजे कागदावर आहे. पावसाळ्यात लाइन पडली की चार-चार दिवस पत्ता नसतो. मग सगळा कारभार माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड जीबीत.

मे महिन्याच्या सुट्टीत सगळीकडे नव्याने डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचंय, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेऊन. चोवीस वेळा तेच प्रश्न आणि तीच उत्तरं नकोत म्हणून प्रीसीड फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच भरून ठेवलेली फाइल, लिहायला बसलो. त्या फाइलीत एक ओळ असते, जिथे आपल्याला हवी ती जादाची पॅकेजं (प्रोग्रामांचे गठ्ठे) एकापुढे एक लिहायची. बाकी फाइल एका संध्याकाळीत झाली. या एका ओळीपाशी आठ दिवस झाले, अडकलोय.

पहिल्या दिवशी ओळीत अकरा नावं होती. आज त्र्याण्णव आहेत. आयटीच्या सरांनी सहा सांगितली, फिजिक्सच्या मॅडमनी आकाशदर्शनाचं एक सांगितलं, ऑफिसातल्या भाऊंनी पीडीएफ जोडायचं काहीतरी हवं म्हणून सांगितलं. उरलेली सगळी माझी. ‘असू दे, लागलं तर?’ असं म्हणत घातलेली. आमच्या घरी म्हणतात, तू गावाला जाताना पिशवी भरतोस ना, तसंच चाललंय. मे महिन्यात स्वेटर.

नको ते काढायचा मार्गही करून पाहिलाय, गेल्या वर्षी. तेव्हा ग्नोम हा डेस्कटॉप होता. एक मेलचा प्रोग्राम कुणी उघडतही नव्हतं, म्हणून काढला. त्याच्यासोबत डेस्कटॉपचं मेटापॅकेज गेलं. मेटापॅकेज म्हणजे नुसती यादी, आत काही नसतं, म्हणून मी निश्चिंत. मग शिस्तीत ऑटोरिमूव्ह चालवलं, म्हणजे कुणालाच लागत नसलेली पॅकेजं काढणारी कमांड. आता ती यादीच उरली नाही म्हटल्यावर यादीतलं सगळं अनाथ. सकाळी मुलं आली तेव्हा स्क्रीनवर काळं पान आणि लॉगिनचा कर्सर. एक मुलगा म्हणाला, “सर, हॅक झालं काय?” मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू.

आणि मला दुसरी बाजूही चांगली आठवते. २००५-०६ सालची गोष्ट, एक्सपीचे दिवस. मराठी पान उघडलं की अक्षरांऐवजी चौकोनी डबे, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल सेटिंग्जच्या भाषांच्या टॅबवर एक चौकट असायची, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची. तिथे टिक केली की ते विंडोजची सीडी मागायचं, आणि त्या सीडीवरचं आय-तीन-आठ-सहा फोल्डर. सीडी कुणाकडे? ज्याने मशीन जोडून दिलं त्याच्याकडे. तो कुठे? रत्नागिरीला. म्हणजे कोट्यवधी लोकांची लिपी ही कुणाच्या तरी लेखी ‘लागली तर टाका’ या खात्यात होती, आणि सॉलिटेअर मात्र सगळ्यांना.

तर माझा प्रश्न ‘तुम्ही कोणती पॅकेजं टाकता’ असा नाही. तशा याद्या मी चाळीस वाचल्या. यात काही कसोटी आहे का? कुठल्या गोष्टीला आधीपासून आत जागा द्यायची आणि कुठलीला ‘लागली तर माग’ म्हणायचं, हे ठरवणारे लोक कशावर ठरवतात?

काही ठिकाणी तर अगदी भांडण आहे. नेटवर्कचे पत्ते दाखवणारं आयएफकॉन्फिग आपोआप येत नाही, पण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तेच छापलंय. सिसलॉगची, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींची, फाइल शोधत होतो, ती नाहीच. नेटवरून फाइल आणणाऱ्या दोन कमांडींपैकी कर्ल नाही, डब्ल्यूगेट आहे. हे असं का?

---

रात्रपाळी

टेबलपंखा, तुमच्या ‘हो म्हटलं’वर दोन मिनिटं हसलो. मी पुण्यात सर्व्हरच्या देखभालीत आहे, पंधरा वर्षं झाली.

आधी सरकारी उत्तर. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला प्राधान्याची पायरी असते: रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड, आणि मग ऑप्शनलचा महासागर. यातल्या इम्पॉर्टंटची व्याख्या त्यांच्या धोरणात मजेशीर आहे. एखादा मुरलेला युनिक्सवाला मशीनवर बसला आणि अमुक गोष्ट दिसली नाही, तर तो ‘अरे, हे चाललंय काय, ते कुठे गेलं?’ असं ओरडेल का? ओरडणार असेल तर ती गोष्ट इम्पॉर्टंट. नॅनो आणि छोटं व्हिम हे एडिटर या पायरीवर आहेत. डब्ल्यूगेट स्टँडर्डवर, कर्ल ऑप्शनल. इन्स्टॉलरच्या शेवटी ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ म्हणून जी चौकट येते ना, ती म्हणजे ही स्टँडर्डची पायरी.

व्याख्या गोड आहे, पण तिच्यात एक खोट आहे. ती सवय मोजते. आणि सवय ही तुमच्या-माझ्या वयाची असते. आयएफकॉन्फिगचं तेच झालं. नेट-टूल्स हे त्याचं पॅकेज जुनं, कर्नलमधल्या (सिस्टिमच्या गाभ्यातल्या) नव्या गोष्टी त्याला नीट दाखवताच येत नव्हत्या, आणि आयपी ही कमांड कधीची शेजारी बसलेली. डेबियन ९ मध्ये, २०१७ साली, नेट-टूल्स डिफॉल्टमधून गेलं. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या ७ व्या आवृत्तीच्या सगळ्यात छोट्या इन्स्टॉलमध्ये ते त्याही आधीपासून नव्हतं. ओरडले सगळे. मीही ओरडलो. नव्याने आलेली पोरं ओरडली नाहीत, कारण त्यांना काही गेलंय हेच ठाऊक नव्हतं. सिसलॉगचंही तसंच. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिसलॉग लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही. लॉग सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या जर्नलमध्ये असतो, जर्नलसीटीएल लिहा, दिसेल. दोन ठिकाणी तोच मजकूर लिहून एसएसडी का झिजवायची, हा त्यांचा मुद्दा मला तरी पटला.

आता माझी कसोटी, जी कुठल्या धोरणात नाही. ज्या क्षणी ती गोष्ट लागेल, त्या क्षणी ती मागवता येईल का? गाणी ऐकायचा प्रोग्राम लागला तर नेट चालू असतं, मागवा. पण नेटच का चालत नाही हे बघायची वस्तू नेटवरून कशी मागवणार? वीज गेल्यावर मेणबत्ती आणायला बाजारात जात नाही आपण. ती कोनाड्यात असते, काडेपेटीसकट, आणि घरातल्या शेंबड्या पोरालाही कोनाडा माहीत असतो.

मला हे शहाणपण एका रात्री पावणेतीनला आलं. एका गिऱ्हाइकाचा कंटेनर, म्हणजे तयार साच्यातून (इमेजमधून) चालणारी बंदिस्त छोटी सिस्टिम. इमेज करणाऱ्याने ती इतकी घासून-पुसून लहान केलेली की बघायला छान, आत गेलो तर काहीच नाही. चालू प्रोग्रामांची यादी देणारं पीएस नाही. पिंग नाही. लेस नाही. कर्ल तर नाहीच. डेटाबेसशी बोलणं होतंय की नाही एवढंच बघायचं होतं. बाहेरचं जाळं मुद्दाम बंद, त्यामुळे एपीटीला (पॅकेजं आणणाऱ्या कमांडला) हाक मारून उपयोग नाही. मग प्रॉकच्या फोल्डरमध्ये जाऊन एकेका नंबरच्या आतली कमांडलाइनची फाइल कॅटने वाचत गेलो, म्हणजे हाताने पीएस केलं. आणि पोर्ट उघडं आहे का ते बॅश या कमांड चालवणाऱ्या शेलच्या आतल्या डेव्ह-टीसीपीच्या युक्तीने पाहिलं. त्या नावाची फाइल डिस्कवर कुठेच नसते. बॅशला ते नाव दिलं की बॅश स्वतःच जोडणी करतो. पोर्ट बंद होतं. फायरवॉलवाल्याला उठवलं, दहा मिनिटांत काम झालं.

बॅश तरी तिथे का होता? कारण डेबियनमध्ये तो ‘एसेन्शियल’ आहे. म्हणजे इमेज करणाऱ्यालाही तो सहज उपटता येत नाही. टार, सेड, ग्रेप, पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेचा छोटा अवतार, सगळे त्याच पंक्तीत. ज्यांनी ती पंगत कधीकाळी मांडली, त्यांनी मला त्या रात्री वाढलं.

आणि या कसोटीवर डेबियन स्वतः कितीतरी वर्षं नापास होतं, हेही सांगतो. वायफाय कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) मुक्त नाही म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. लॅपटॉपला नेटसाठी फर्मवेअर हवं, फर्मवेअरसाठी नेट हवं. माणूस दुसऱ्याच्या घरी पेनड्राइव्ह घेऊन जायचा. तत्त्व बरोबर होतं, पण माणूस दारातच अडकायचा. शेवटी २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.

तेव्हा तुमच्या त्र्याण्णव नावांना एकच प्रश्न विचारा. पावसाळ्यात, लाइन पडलेली असताना, हॉटस्पॉटही नसताना हे लागेल का? मॅनपेजेस, म्हणजे कमांडींच्या माहितीची पानं, लागतील, ठेवा. नेटचा रस्ता दाखवणारं ट्रेसरूट, कुठली फाइल कुणी उघडलीय ते सांगणारं एलएसओएफ, डिस्क तपासायचं स्मार्टमॉनटूल्स, ठेवा. लिबरऑफिस तर मुलांच्या रोजच्या कामाचं, ते राहणारच. फिजिक्सच्या मॅडमचं आकाशही ठेवा, तास सुरू झाल्यावर ते मागवता येणार नाही. बाकी बरंच गळेल.

---

दोनओळी

गेम काढू नका एवढंच सांगतो. आमच्याकडे पहिलीतल्या पोरांनी माउस धरायला, ओढून सोडायला पत्त्यांच्या गेमवरच शिकून घेतलं. अभ्यासक्रमात त्यासाठी एकही तास नाही.

---

काटेमासा

रात्रपाळी, तुमची मेणबत्ती छान आहे. पण कोनाड्यात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला वाळवी लागते, त्याचं काय?

मी ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यातल्या सिस्टिम वापरते, घरी आणि कामावरही. लिनक्सवाल्यांना ‘डिफॉल्ट’ म्हणजे पॅकेजांची एक यादी वाटते. आमच्याकडे ‘बेस’ म्हणजे एक घर. एकच सोर्स, तीच माणसं सांभाळणार, आवृत्ती एकदम सगळ्याची निघणार. त्यामुळे बेसमध्ये काही घेणं म्हणजे जावई करून घेण्यासारखं. आला की सणवार आले.

फ्रीबीएसडीत एकेकाळी पर्ल बेसमध्ये होतं. बाहेरचं पर्ल पुढे पळत होतं, आतलं मागे राहत होतं, आणि दोन पर्लांच्या भांडणात लोक वैतागले. ५.० मध्ये, २००३ साली, ते बाहेर काढलं. बाइंड हा नावांचा सर्व्हर २०१४ च्या १०.० मध्ये गेला. त्याच्या सुरक्षेच्या सूचना सारख्या निघायच्या, आणि दर वेळी ज्यांनी आयुष्यात तो चालू केला नाही त्यांच्यासाठीही बेसला ठिगळ लावावं लागायचं. त्याच्या जागी अनबाउंड आला, तोही फक्त पत्ते शोधून देण्यापुरता. १४.० मध्ये सेंडमेलला बाजूला सरकवून मेल पोचवायचं काम डीएमए नावाच्या छोट्या प्रोग्रामकडे दिलं. ओपनबीएसडीने २०१५ मध्ये, ५.८ ला, चक्क सुडोला, म्हणजे दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या प्रोग्रामला, निरोप दिला. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत दुनियाभरच्या सोयी, आणि सामान्य माणसाला हवी असते एक ओळ: अमक्याला परवानगी द्या. त्यासाठी डूअ‍ॅज लिहिलं. त्याच्या सेटिंगची फाइल माझ्या सगळ्या मशीनवर दोन ते चार ओळींची आहे. ज्याला सुडोच हवं त्याने पॅकेज घ्यावं, कुणी अडवलेलं नाही.

आता तुमच्या बाजूचं उदाहरण. पीकेएक्झेक ही कमांड तुमच्यापैकी कितीजणांनी हाताने लिहिलीय? मी तरी एकदाही नाही. पण ती पोलकिट या परवानग्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामबरोबर येते, आणि पोलकिट जवळपास प्रत्येक लिनक्स डेस्कटॉपवर येतो. जानेवारी २०२२ मध्ये कळलं की तिच्यात साध्या वापरकर्त्याला थेट रूट (सर्वाधिकारी) करणारं भोक आहे, आणि ते २००९ पासून आहे. बारा वर्षं! न मागितलेली, न वापरलेली वस्तू, पण दार तिच्याकडून उघडं. तुमच्या लॅबमध्ये सतरा-अठरा वर्षांची मुलं बसतात, टेबलपंखा. त्यांना वेळ भरपूर असतो.

उलट्या बाजूनेही हात पोळलेत माझे, ते लपवत नाही. ऑफिसच्या मॅकवर माझ्या चार-पाच स्क्रिप्ट पायथन २.७ वर होत्या. २०२२ च्या मार्चमध्ये मॅकच्या सिस्टिमची १२.३ आवृत्ती आली आणि पायथन गेलं. आधीच्या आवृत्तीत पीएचपी गेलं होतंच, त्याआधी २०१७ ला टेलनेट. त्यांनी आगाऊ सांगितलं होतं, मीच वाचलं नाही. चूक माझी होती: सिस्टिमने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली भांडी मी माझीच समजून त्यात स्वयंपाक करत होते.

म्हणून रात्रपाळींच्या कसोटीला माझी एक पुस्ती. ‘मागवता येईल का’ हे विचारा, जरूर. पण लगेच ‘हे मी किती वर्षं सांभाळणार’ हेही विचारा. आणि एक सांगा, या त्र्याण्णवपैकी गेल्या वर्षात खरोखर किती उघडली गेली, हे तुम्ही मोजलंय का? की नुसतं आठवून लिहिताय?

---

टेबलपंखा

काटेमासा ताई, तुम्ही बरोबर नेम धरलात. मोजलं नव्हतं.

मग मोजलं. डेबियनमध्ये पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्ट म्हणून पॅकेज असतं. इन्स्टॉल करताना ते विचारतं, माहिती पाठवू का, आणि आपण ‘नाही’ म्हणून पुढे जातो. डेबियनवाले पहिल्या सीडीवर कोणती पॅकेजं बसवायची हे त्या आकड्यांवरून ठरवत आलेत. कुठेही न पाठवता ते नुसतं चालवलं तर स्क्रीनवर यादी टाकतं: कुठल्या पॅकेजातली फाइल शेवटची कधी उघडली गेली. फाइलीला हात लागल्याची वेळ डिस्कवर नोंदलेली असते, तीच ते वाचतं. (एका मशीनवर मी कधीकाळी वेग वाढवायला ती नोंद बंद करून ठेवली होती. तिथे अर्थातच सगळं धुळीत पडल्यासारखं दिसलं. ते मशीन धरलं नाही.)

शनिवारी दुपारी पेनड्राइव्ह घेऊन तेवीस मशीनवर फिरलो.

माझ्या यादीतली साधारण निम्मी नावं कुठल्याही मशीनवर सहा महिन्यांत उघडलेली नव्हती. त्यात मी ‘याच्याशिवाय कसं चालेल’ म्हणून घातलेले तीन एडिटर होते. मुलं नॅनो वापरतात, मी व्हिम वापरतो, बाकीचे तीन माझ्या मनातल्या कुठल्यातरी आदर्श मुलासाठी. तो अजून आलेला नाही.

आणि एक गोष्ट उलटी निघाली. लॅबच्या मागच्या ओळीतल्या सहा मशीनवर मॅनपेजेस अगदी अलीकडे उघडलेली. मला वाटायचं, मॅन कोण वाचतो आजकाल. एका मुलीला विचारलं. म्हणाली, “सर, नेट नसलं की काय करणार? तेच वाचत बसतो. एलएसच्या खाली किती लिहिलंय!” बारावीची मुलगी. मी एलएसचं मॅनपेज शेवटपर्यंत कधी वाचलेलं नाही, हे तिला सांगितलं नाही.

आता मराठीचं सांगा कुणीतरी. इन्स्टॉल करताना भाषा इंग्रजी घेतो, कारण एररचे मेसेज मराठीत आले की मलाच कळत नाहीत. पण मुलांना मराठी टाइप करता आलं पाहिजे.

---

पाटीपेन्सिल

मी शाळेत शिकवते, लॅब माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे हे सगळं करून झालंय.

इन्स्टॉलरमध्ये भाषा मराठी निवडली तर तो मराठीसाठीची पॅकेजं वेगळी ओढतो. इंग्रजी निवडली की ती ओढत नाही, त्याची तरी काय चूक. तुम्ही देवनागरी फॉन्ट हाताने ओळीत घाला. लोहित ठेवाच, तो आपल्या पुण्यातच रेड हॅटच्या ऑफिसात घडत गेला. नोटोही ठेवा, जोडाक्षरं त्यात छान बसतात. लिबरऑफिसचा मराठी संच वेगळा असतो, हवा असेल तर तोही.

कीबोर्डासाठी मात्र नवीन काहीच टाकावं लागत नाही, हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. एक्सकेबी हा कीबोर्ड सांभाळणारा भाग डेस्कटॉपबरोबर येतोच, आणि त्याच्यात ‘भारतीय’ या गटाखाली मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण लेआउट) आहे. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडा, अदलाबदलीची कळ ठरवा, झालं. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल तर मात्र आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचा एम-१७-एन संच लागतो. त्यात गमभन ही टायपिंगची जुनी पद्धतसुद्धा आहे! जुन्या मराठी साइटींवर वाढलेल्यांचे डोळे पाणावतील.

आमच्याकडे सहावीपर्यंत फक्त इनस्क्रिप्ट. टायपिंगच्या क्लासला जाणारी मोठी मुलं येऊन रेमिंग्टन (टायपरायटरचा लेआउट) मागतात, त्यांना मी आयबस लावून देते. सगळ्या मशीनवर सगळे लेआउट ठेवले तेव्हा काय झालं सांगू? पोरं चुकून कळ दाबायची, लेआउट बदलायचा, आणि ‘बाई, कीबोर्ड बिघडला’ म्हणून दिवसाला दहा तक्रारी. दोनच ठेवल्यावर बंद झालं. तेव्हा ‘असू दे, जागा आहे ना’ हे एसएसडीला चालतं, सातवीच्या पोराला चालत नाही.

---

रात्रपाळी

पाटीपेन्सिल बाईंच्या शेवटच्या वाक्यापुढे आम्ही काय बोलणार. काटेमासा, वाळवीचं मान्य. पीकेएक्झेकच्या आठवड्यात मी दोनशेवर मशीनवर ठिगळं लावत होतो, तेव्हा तुमच्यासारखंच काहीतरी पुटपुटत होतो.

टेबलपंखा, एक व्यावहारिक गोष्ट राहिली. ‘मागवता येईल का’ याचं उत्तर बदलणं तुमच्याच हातात आहे. एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा. बाकी तेवीस मशीनना प्रीसीडमध्येच त्याचा पत्ता प्रॉक्सी (मधला मध्यस्थ) म्हणून द्या, पोर्ट ३१४२. पहिल्या मशीनने जे पॅकेज बाहेरून आणलं ते कॅशमध्ये राहतं, पुढच्या तेवीसना ते लॅबच्या तारेवरूनच मिळतं. बाहेरची लाइन एकदाच झिजते. मग दहा-बारा नावं आणखी गळतील, कारण बाजारच घरात आला.

एकच पथ्य. ते मशीन बंद असेल तर बाकीच्यांचं एपीटी रुसून बसतं. त्यावर कागद चिकटवा, ‘बंद करू नये’.

---

टेबलपंखा

मंडळी, उशिरा कळवतोय. जून गेला, जुलै अर्धा झाला.

ओळीत आता एकतीस नावं आहेत. पहिल्या मशीनवर कॅशर आहे आणि त्याच्यावर लाल पेनाने कागद. कागद लावल्यावर तिसऱ्याच दिवशी झाडू मारणाऱ्या मावशींनी खटका बंद केला, कारण कागद मॉनिटरवर होता आणि खटका भिंतीवर. आता कागद खटक्यावर आहे.

प्रत्येक मशीनला इन्स्टॉलला पंधरा-वीस मिनिटं लागली. मी पेनड्राइव्ह लावायचो आणि पुढच्या मशीनकडे जायचो. पहिलं मशीनच काय ते रडलं, त्याला सगळं बाहेरून आणायचं होतं. दीड दिवसात लॅब झाली. गेल्या वर्षी आठ दिवस लागले होते.

गेल्या आठवड्यात लाइन पडली ती पाच दिवस. या पाच दिवसांत मी नोंद ठेवली, काय काय मागितलं गेलं आणि नव्हतं. एक: एका मुलाला रार फाइल उघडायची होती, त्याच्या भावाने दिलेली. दोन: ऑफिसातल्या भाऊंना स्कॅनरचं काहीतरी. बस. स्कॅनरचं ओळीत घातलंय (वरच्या एकतीसात ते धरलंय), रार नाही घातलं. भावाला झिप करायला सांग म्हटलं. फिजिक्सच्या मॅडमचा तास त्यातच झाला, आकाश सगळ्या मशीनवर उघडलं. ढगांमुळे खरं आकाश महिनाभर दिसलेलं नाही, त्यामुळे मुलं खूश होती.

पत्ते आणि सुडोकू ठेवलेत, दोनओळी. इनस्क्रिप्ट सगळीकडे आहे, गमभन फक्त माझ्या मशीनवर. पोलकिट काढता आला नाही, ताई. डेस्कटॉप त्याच्याशिवाय बंद करायचं बटणसुद्धा नीट देत नाही. पण सुरक्षेचे अपडेट आता रोज रात्री कॅशरमधून आपोआप येतात.

आणि नेट-टूल्स. ते ओळीतून काढलं होतं. आयटीच्या सरांना नीट बसून दाखवलं, आयपी कमांड कशी जास्त दाखवते, जुनं का गेलं, सगळं. त्यांना पटलं. म्हणाले, “पुढच्या आवृत्तीत बदलू.” मग कपाट उघडून दाखवलं. जर्नलच्या पाचशे प्रती, गठ्ठे बांधलेले, गेल्याच महिन्यात छापून आलेले.

नेट-टूल्स परत घातलंय. म्हणून बत्तीस.